कार्य शून्य, तरी घाम कसा? स्नायूंच्या ऊर्जेचा हिशेब

बारावीतल्या एका मुलाने विचारलं आहे: ‘दहा किलोचं डंबेल, कोपर काटकोनात ठेवून, नुसतं धरून उभा राहिलो. डंबेल हललं नाही, म्हणजे विस्थापन शून्य, म्हणजे कार्य शून्य, असं आमचे फिजिक्सचे सर सांगतात. मग थोड्याच वेळात हात थरथरायला का लागतो? घाम का फुटतो? ऊर्जा खर्च झाली असेल तर ती गेली कुठे? आणि घाम येतोय म्हणजे चरबी जळतेय असं समजायचं का?’

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. पहिल्या वर्षाच्या वर्गात हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच, आणि विचारणाऱ्याचं मला मनापासून कौतुक वाटतं. फिजिक्सच्या पुस्तकातलं ‘कार्य’ आणि बायोलॉजीच्या पुस्तकातलं ‘एटीपी’ (पेशीला लागणारी ऊर्जा पुरवणारा रेणू) यांची गाठ अभ्यासक्रमात कुठेच पडत नाही. ती मुलांनी आपापली घालायची असते, आणि बहुतेकांची ती राहून जाते.

तुझे सर बरोबर सांगतात. डंबेलवर तू केलेलं कार्य शून्यच आहे. गफलत पुढच्या पायरीवर होते. ‘कार्य शून्य, म्हणून ऊर्जेचा खर्चही शून्य असायला हवा’ असं आपण मनात धरून चालतो. स्नायूचा जमाखर्च तसा नाही. रासायनिक क्रियांतून जेवढी ऊर्जा मोकळी होते तेवढीच, उष्णता आणि कार्य या दोन खात्यांत मिळून, जमा होते. कार्याचं खातं रिकामं राहिलं तर सगळी ऊर्जा उष्णतेच्या खात्यात जाते. तेव्हा ‘गेली कुठे’ याचं उत्तर एका ओळीत आटोपतं: ती उष्णता झाली, रक्ताने ती त्वचेपर्यंत नेली, आणि घामाने बाहेर टाकली.

पण माझ्या मते खरा प्रश्न याच्या मागे आहे. तेच डंबेल टेबलावर ठेवलं तर टेबल ते वर्षानुवर्षं धरून ठेवतं, फुकट. मग स्नायूला नुसतं धरून ठेवण्यासाठी इंधन का लागावं?

पुष्कळ ठिकाणी याचं उत्तर असं देतात की हात बारीक थरथरतो, म्हणजे डंबेल किंचित वर-खाली होतं, आणि तेच कार्य. हे पटण्यासारखं नाही. थरथरण्यातलं कार्य अगदीच नगण्य असतं, आणि थरथर सुरू होण्याच्या आधीपासून खर्च चालूच असतो. कारण स्नायूच्या आत आहे. स्नायूच्या तंतूत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे बारीक धागे एकमेकांत सरकतील असे रचलेले असतात. मायोसिनच्या धाग्यावर असंख्य ‘डोकी’ असतात. एक डोकं ॲक्टिनला चिकटतं, वळतं, ओढ देतं, सुटतं, पुन्हा पुढे चिकटतं. सुटण्यासाठी त्याला एटीपीचा एक रेणू लागतो आणि तो रेणू पुढे फुटतो, तेव्हाच डोकं पुढच्या ओढीसाठी सज्ज होतं. म्हणजे एका फेरीला एक एटीपी. रस्सीखेचीत दोन्ही बाजू तुल्यबळ असल्या की दोर जागचा हलत नाही, पण माणसं सारखी हात सोडून नव्याने पकड घेत असतात. डंबेल स्थिर असताना तुझ्या दंडात तेच चाललेलं असतं. कुठल्याही क्षणी काही डोकी धरून असतात, काही सुटत असतात. बाहेरून बघणाऱ्याला बळ स्थिर दिसतं, पण ते सेकंदासेकंदाला नव्याने तयार होत असतं.

याच्या जोडीला दुसरा खर्च आहे, आणि तो पुस्तकांत फार त्रोटक लिहिलेला असतो. मेंदूकडून आलेला संदेश स्नायूच्या पेशीत पोचला की आतल्या पिशव्यांमधून कॅल्शियम बाहेर पडतं. ते आलं तरच डोक्यांना ॲक्टिन पकडता येतं. ते कॅल्शियम पुन्हा पिशवीत भरायला पंप लागतो, आणि हा पंप दोन कॅल्शियम आयन उचलायला एक एटीपी घेतो. नुसतं धरून ठेवलेल्या आकुंचनात एकूण खर्चाचा साधारण तिसरा हिस्सा या पंपाचा असतो, काही स्नायूंत त्याहून थोडा कमी-जास्त. हा खर्च किती मोठा होऊ शकतो ते भूलतज्ज्ञांना चांगलं ठाऊक असतं. काही माणसांत कॅल्शियम सोडणाऱ्या दारातच आनुवंशिक दोष असतो. अशा रुग्णाला हॅलोथेनसारखा भुलीचा वायू दिला तर कॅल्शियम अनावर गळायला लागतं, पंप जिवाच्या आकांताने चालतो, स्नायू ताठरतात आणि ताप झपाट्याने चढतो. तिथे डँट्रोलिन हे औषध वेळेत मिळणं जीव वाचवणारं ठरतं. माणूस टेबलावर निपचित पडलेला, कार्य शून्य, आणि उष्णता जीवघेणी.

खर्च न करता धरून ठेवणं जीवसृष्टीत अगदीच अशक्य आहे असंही नाही. मृत्यूनंतर काही तासांनी शरीर ताठतं ते एटीपी संपल्यामुळे. सगळी डोकी चिकटतात आणि कुणालाच सुटता येत नाही. तो ताठरपणा पूर्ण फुकट असतो, पण त्या स्नायूला आपण होऊन पुन्हा सैल होता येत नाही. याहून सुंदर उदाहरण कोकणातल्या वाचकांच्या ओळखीचं आहे. जिवंत कालवाची शिंप बोटांनी उघडायला जा, सुरी घातल्याशिवाय उघडत नाही. शिंपेच्या दोन्ही झडपा मिटून ठेवणाऱ्या स्नायूचा एक भाग असा असतो की एकदा आवळला की पकड जणू कुलूपबंद होते, आणि मग तासन् तास ती टिकवायला एटीपी जवळजवळ लागत नाही. कालवाला ते परवडतं, कारण त्याला घाईने काही करायचं नसतं. आपल्या दंडाला मात्र पुढच्या क्षणी बळ कमी-जास्त करता आलं पाहिजे. ही मुभा डोक्यांच्या सततच्या चिकटण्या-सुटण्यातून येते, आणि आपण जो खर्च करतो तो त्या मुभेचा.

हे सगळं कळलं कसं, ते थोडं सांगतो, कारण उष्णतेचा हिशेब मांडणाऱ्यांनीच ही दिशा दाखवली. बेडकाचा स्नायू आकुंचन पावताना तापतो हे हेल्महोल्ट्झने १८४० च्या दशकातच मोजलं होतं. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ए. व्ही. हिल यांनी आयुष्यभर हेच काम केलं. बेडकाच्या स्नायूला एक झटका दिला की तापमान अंशाच्या सुमारे तीन हजारांशाने वाढतं, आणि एवढीशी वाढ त्यांनी थर्मोपाइलने, म्हणजे तापमानातला बारीक फरक विजेच्या रूपात दाखवणाऱ्या उपकरणाने, वेळेनुसार टिपली. त्यात दोन टप्पे दिसले. आकुंचन चालू असताना निघणारी उष्णता हा एक, आणि नंतर कितीतरी मिनिटं सावकाश निघत राहणारी, जवळपास तेवढीच, उष्णता हा दुसरा. स्नायू नायट्रोजनमध्ये ठेवला तरी पहिला टप्पा बदलत नाही. दुसरा मात्र ऑक्सिजन असेल तरच नीट दिसतो. म्हणजे आकुंचनाच्या क्षणी ऑक्सिजन ‘जळत’ नाही, तो नंतरच्या भरपाईला लागतो. या कामासाठी हिल यांना १९२२ चं नोबेल मिळालं, ऑटो मायरहॉफ यांच्या जोडीने.

स्नायू हे उष्णतेवर चालणारं इंजिन नाही, हेही इथेच बोलून घेऊ. रेल्वेच्या जुन्या वाफेच्या इंजिनात आधी उष्णता तयार होते आणि तिचा काही भाग कार्यात बदलतो. स्नायूची कार्यक्षमता २५ टक्के धरली आणि तो ३७ अंशांवर थंड होतो असं मानलं, तर कार्नोच्या नियमाने (उष्णतेच्या इंजिनाची कार्यक्षमता गरम आणि थंड बाजूंच्या तापमानांवर ठरते) त्याची गरम बाजू निदान १४० अंश सेल्सिअसची असावी लागेल. तेवढ्यात मांस शिजून जाईल. रासायनिक ऊर्जेतून कार्य थेट निघतं, उष्णता सोबत बाहेर पडते.

हिल यांच्याच प्रयोगशाळेत वॉलेस फेन यांना १९२३ च्या सुमारास दिसलं की स्नायूला भार उचलून आखडू दिलं तर तो नुसतं धरून ठेवण्याच्या मानाने जास्त एकूण ऊर्जा सोडतो, आणि ताणला जात असेल तर कमी. म्हणजे खर्च आधीच ठरलेला नसतो, समोरच्या भाराप्रमाणे आतली रासायनिक क्रियाच आपला वेग बदलते. माझ्या दृष्टीने स्नायूंच्या अभ्यासातला हा सर्वांत मोलाचा शोध आहे. पुढे अँड्र्यू हक्सली यांनी १९५७ मध्ये डोक्यांच्या चिकटण्या-सुटण्याचं गणित मांडलं, तेव्हा त्याचा अर्थ लागला.

इंधन कोणतं, हा वाद वेगळा. आधी सगळे लॅक्टिक आम्लाकडे बोट दाखवत होते. १९२७ मध्ये हार्वर्डला सायरस फिस्के आणि आपले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूतून फॉस्फोक्रिएटिन हा ऊर्जा साठवणारा पदार्थ शोधून काढला. आपल्याकडच्या बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला फॉस्फरस मोजण्याची ‘फिस्के-सुब्बाराव पद्धत’ अजून करतात, ती याच दोघांची. त्यानंतर १९३० मध्ये लुंड्सगार्ड यांनी स्नायूला आयोडोॲसिटेट हे विष देऊन लॅक्टिक आम्ल तयार होणंच बंद पाडलं. स्नायू तरीही काही वेळ आकुंचन पावत राहिला, आणि तेवढ्या वेळात फॉस्फोक्रिएटिन घटत गेलं. एटीपी १९२९ पासून माहीत होतं, पण जिवंत स्नायूच्या आकुंचनात ते खर्च होताना कुणाला पकडता येत नव्हतं. कारण सोपं होतं: खर्च झालेलं एटीपी फॉस्फोक्रिएटिन लगेच भरून काढतं. १९५० मध्ये हिल यांनी जीवरसायनशास्त्रज्ञांना जाहीर आव्हान दिलं की हे सिद्ध करून दाखवा. १९६२ मध्ये केन आणि डेव्हिस यांनी भरपाई करणारं विकरच (एन्झाइम) रसायनाने बंद केलं आणि एका आकुंचनात एटीपी घटल्याचं दाखवलं. नंतर विल्की यांनी बेडकाच्या स्नायूला तऱ्हेतऱ्हेची आकुंचनं करायला लावली. काहींत कार्य भरपूर, काहींत शून्य. पण ‘उष्णता अधिक कार्य’ ही बेरीज आणि फुटलेलं फॉस्फोक्रिएटिन यांचे बिंदू एकाच सरळ रेषेत आले. तुझ्या प्रश्नाचं प्रायोगिक उत्तर ही रेषा आहे. त्यातही आकुंचनाच्या सुरुवातीला थोडी जास्तीची उष्णता हिशेबात बसेना, आणि बरीच वर्षं ती कोडं होऊन राहिली. तिचा मोठा भाग कॅल्शियम पार्व्हाल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटताना निघतो असं पुढे लक्षात आलं. हे प्रथिन बेडकाच्या स्नायूत भरपूर असतं.

आता तुझा हात. थरथर आणि दमणं हे ‘एटीपी संपलं’ म्हणून होतं असा समज आहे, तो सोडून दे. स्नायूत एटीपीचा साठा इतका तुटपुंजा असतो की पूर्ण जोरात तो दोन-तीन सेकंदच पुरेल, आणि तरीही थकलेल्या स्नायूत तो फारसा घटलेला आढळत नाही. घटतं ते फॉस्फोक्रिएटिन, वाढतात ते सुटा फॉस्फेट आणि आम्लता. डोक्यांचं बळ आणि कॅल्शियमचं सुटणं या दोन्हींत त्यांनी अडथळा येतो. मग मेंदू जास्त तंतू कामाला लावतो, त्यांचे संदेश खडबडीत होतात, आणि हात थरथरतो.

नुसतं धरून ठेवण्यात आणखी एक अडचण आहे, ती वर-खाली करण्यात तितकी नसते. आवळलेला स्नायू आपल्याच रक्तवाहिन्या दाबतो. आमच्या प्रॅक्टिकल हॉलमध्ये मॉसोचा एर्गोग्राफ आहे, बोटाची प्रत्येक ओढ कागदावर रेघेने उमटवणारं यंत्र. विद्यार्थ्याचा हात पट्ट्यांनी बांधतात, शेजारची बोटं नळकांड्यांत अडकवतात, आणि मधल्या बोटाने मेट्रोनोमच्या ठोक्यावर वजन ओढायचं. रेघा सुरुवातीला उंच असतात, मग उतरत जातात, शेवटी बोट हलेना होतं. मग दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून, रक्तपुरवठा थांबवून तेच करायला सांगतो. रेघा कितीतरी आधी संपतात. पट्टा तसाच फुगवून ठेवला तर दोन मिनिटं विश्रांती घेऊनही बोट जेमतेम हलतं. हवा सोडली की हात लालबुंद होतो, आणि तेवढ्याच विश्रांतीनंतर रेघा पुन्हा उंच येतात. फॉस्फोक्रिएटिन परत भरायला ऑक्सिजन लागतो, हे वर्गात तासभर सांगून जे पटत नाही ते त्या दोन मिनिटांत पटतं. दहीहंडीच्या सगळ्यात खालच्या थरातला गोविंदा जागचा हलत नाही, आणि त्याच्या मांड्या आणि खांदे भरून येण्यामागे दाबल्या गेलेल्या रक्तवाहिन्यांचा मोठा वाटा असतो.

तू किती वेळ धरू शकशील हे मात्र अनेक गोष्टींवर अवलंबून आहे. पहिली म्हणजे तुझ्या कमाल ताकदीच्या मानाने डंबेल किती जड आहे ती. निम्म्या ताकदीला साधारण मिनिटभर, पाव ताकदीला काही मिनिटं, आणि अगदी हलक्या भाराला फार वेळ, असा ढोबळ अंदाज. माणसामाणसात आणि स्नायूस्नायूत फरक पडतोच. दुसरी गोष्ट कोन. कोपर काटकोनात असताना डंबेल कोपरापासून लांब आणि स्नायूची जोडणी जवळ, त्यामुळे दंडाच्या स्नायूंना डंबेलच्या वजनाच्या सात-आठ पट तरी बळ लावावं लागतं. हात खाली सोडून तेच डंबेल धरलं तर दंडावर भार जवळजवळ नाही, फक्त पकड दमते. तिसरी, तंतूंची जात. मंद तंतूंमधली डोकी सावकाश सुटतात, म्हणून तेवढंच बळ ते कमी एटीपीत टिकवतात. पोटरीच्या आतल्या सोलियसमध्ये असे तंतू भरपूर असतात, म्हणून आपण तासन् तास उभे राहू शकतो. कासवाचे स्नायू याबाबतीत फारच काटकसरी आहेत.

फेन यांचा मुद्दा शरीरभर कसा दिसतो ते सिंहगडावर बघ. पायथ्यापासून माथ्यापर्यंत अंदाजे ६०० मीटरचा चढ धरू. ६० किलोच्या माणसाला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ३५० किलोजूल, म्हणजे ८५ किलोकॅलरीच्या आसपास कार्य करावं लागतं. २५ टक्के कार्यक्षमता धरली तर खर्च १४०० किलोजूल, आणि त्यातले हजाराहून जास्त निव्वळ उष्णता. ती अंगातच राहिली तर शरीराचं तापमान पाच अंशांनी चढेल. ती घालवायला अर्ध्या लिटरच्या जवळपास घामाची वाफ व्हावी लागते, आणि पावसाळ्यात हवा दमट असताना वाफच होत नाही, घाम नुसता ओघळतो. म्हणून दमट दिवशी तोच चढ जास्त जड जातो. उतरताना गणिताने कार्य उलट्या चिन्हाचं होतं. मांडीचे स्नायू ताणले जात असताना बळ लावतात आणि खर्च खूपच कमी येतो. १९५२ मध्ये ॲबट, बिगलंड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने पुढे पेडल मारायचं, दुसऱ्याने तेवढंच बळ लावून ते अडवायचं. दोघांचं बळ सारखं, वेग सारखा, पण अडवणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागला. गड उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात ते ऊर्जा संपल्याने नव्हे. ताणाखाली बळ लावताना तंतूंना बारीक इजा होते, तिचं ते दुखणं.

राहिला घाम आणि चरबी. घाम उष्णता बाहेर टाकल्याची खूण आहे, चरबी जळल्याची नव्हे. बंद खोलीत पंखा न लावता बसलास तरी घाम येईल. व्यायामानंतर वजनकाट्यावर अर्धा किलो कमी दिसलं तर ते पाणी, ते पिऊन परत भरून काढावं लागतं. एक किलो चरबीच्या ऊतीत सुमारे ७७०० किलोकॅलरी साठवलेल्या असतात, आणि मिनिटभर डंबेल धरल्याने खर्च होतात त्या मोजक्याच. शिवाय अशा छोट्या, जोरदार आकुंचनाचं तात्पुरतं इंधन फॉस्फोक्रिएटिन आणि ग्लायकोजेन (स्नायूत साठवलेली साखर) असतं. चरबी प्रामुख्याने लांबच्या, संथ हालचालींत वापरली जाते. धरून ठेवण्याचे व्यायाम ताकदीसाठी चांगले आहेत, ते त्यासाठीच कर.

घरी पडताळा घ्यायचा असेल तर तेच डंबेल काटकोनात धर, किती वेळ टिकलास ते लिही. अर्धा मिनिट थांबून पुन्हा धर. दुसऱ्या दिवशी मधे चार मिनिटं थांबून बघ. दोन्ही वेळांतला फरक म्हणजे तुझ्या फॉस्फोक्रिएटिनची भरपाई, थोडीफार. फक्त श्वास रोखू नकोस. घट्ट धरून ठेवण्याने रक्तदाब झटकन चढतो, श्वास कोंडला तर आणखी. आणि दंडाला पट्टा किंवा दोरी बांधून आमचा प्रयोग घरी करू नकोस. घरात कुणाला रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर त्यांना यात ओढू नकोस; त्यांनी असे व्यायाम करायचे की नाही हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचं.